पेढ्याला लिफ्टबंदी

श्रीधर नारायण गोतमारे हे नाव फक्त पेन्शनच्या कागदांवर होतं. समता कॉलोनीच्या मागच्या गल्लीतल्या शिवनाथ रेसिडेन्सीत, तिथल्या चोवीसच्या चोवीस फ्लॅटांत, ते बंडूभाऊ होते. वय अडुसष्ट. वडील अकोल्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले, त्यांच्यामागून मुलगाही रेल्वेत चिकटला आणि छत्तीस वर्षं कार्मिक विभागात फायली चाळून बडे बाबू म्हणून बाहेर पडला. या वयात लोक आपल्याला बंडू म्हणतात याचा त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटे तो एकाच गोष्टीचा, संदर्भ क्रमांक नसलेल्या कागदाचा.

याचं मूळ नोकरीच्या पहिल्या महिन्यात होतं. त्यांनी लिहिलेलं एक पत्र मूर्तीसाहेबांनी टेबलावर परत टाकलं आणि विचारलं, "संदर्भ किधर है?" बंडूभाऊ म्हणाले की या पत्राला संदर्भच नाही. साहेबांनी चष्मा काढला. "ढूँढो. नहीं मिले तो सोचो. लोग चिट्ठी नहीं पढ़ते बाबू, संदर्भ देखकर डरते हैं." त्या दिवसापासून बंडूभाऊंच्या हातून संदर्भाशिवाय कागद सुटला नाही. बायकोला किराण्याची यादी लिहून दिली तरी डावीकडे वर 'संदर्भ : आपली आज सकाळची मौखिक मागणी' असं येई. शर्मिष्ठाबाई त्या यादीनं चहाचं पातेलं उतरवत.

निवृत्तीनंतर ते सोसायटीचे सचिव झाले. निवडणूक झाली नव्हती. सभेत सगळे खाली बघत होते आणि बंडूभाऊंनी चुकून वर बघितलं. त्यानंतर सहा वर्षांत लिफ्टशेजारच्या काचेच्या फळ्यावर त्यांनी एकशे बारा नोटिसा लावल्या. राजभाषेत मुरलेली त्यांची हिंदी अशी होती की खुद्द हिंदीवालेही थांबून वाचत. 'एतद्द्वारा समस्त सम्माननीय निवासियों को सूचित किया जाता है' असा आरंभ, आणि पुढे ओले कपडे खालच्याच्या वाळवणावर टपकवू नये इतकाच मजकूर. लोक फोटो काढत, नातेवाइकांना पाठवत, हसत आणि कपडे टपकवत. एकशे बारांपैकी एकही नोटीस कोणी पाळली नव्हती. नोटीस ही लावायची वस्तू आहे, पाळायची नव्हे, यावर त्या इमारतीत दोन्ही बाजूंचं पूर्ण एकमत होतं.

एकशे तेरावी नोटीस मागायला विशालसेठ स्वतः आले. विशालसेठ म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. पंडरीच्या बाजारात कापडाचं ठोक दुकान, आणि अंगावर बाराही महिने पांढराशुभ्र लेंगा-कुर्ता. त्या सकाळी त्यांचा लेंगा पांढरा नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या अनिमेष पांढरीपांडेचा लॅब्राडोर नुकताच आंघोळ करून लिफ्टमध्ये शिरला होता आणि त्यानं विशालसेठांच्या शेजारी उभं राहून अंग झाडलं होतं.

"बंडूभैया, ऐसी नोटिस बनाओ कि कुत्ता ख़ुद पढ़ के सीढ़ी से जाए," विशालसेठ म्हणाले. आणि जाता जाता दारातून वळून म्हणाले, "आप जैसा तो कलेक्टर ऑफिस में भी कोई नहीं लिखता."

झालं. हे वाक्य बंडूभाऊंच्या कानात मध घातल्यासारखं गेलं. त्यांनी दुपारी टेबल पुसलं, पेनात शाई भरली आणि संदर्भ शोधायला 'संकीर्ण' नावाची जाड फाईल उघडली. तिथे त्यांना एक कागद सापडला. तो सापडला नसता तर पुढच्या सगळ्या गोष्टीला चूक म्हणता आलं असतं.

तो कागद वर्षभरापूर्वी अनिमेषनंच आणून दिला होता. पोट्टा मराठीच, पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत देणारा. कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं त्या दिवशी तो म्हणाला होता, "अंकल, बाद में झंझट नहीं चाहिए, ये पढ़ लीजिए." केंद्राच्या जीवजंतू कल्याण मंडळानं सोसायट्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांची ती प्रत होती. बंडूभाऊंनी ती तेव्हा लाल पेन घेऊन वाचली होती, कारण कागद वाचायचा तर लाल पेन घेऊनच. सोसायटीतल्या सगळ्यांनी बहुमतानं ठराव केला तरी कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, याखाली एक रेघ. पाळीव कुत्र्याला लिफ्ट नाकारता येत नाही, याखाली एक रेघ. मालकानं पट्टा लावावा, केलेली घाण उचलावी, शेजाऱ्यांचा विचार करावा, ही विनंती करता येते, याच्या बाजूला समासात बरोबरची खूण. आणि मालकावर दबाव आणून त्याला कुत्रा घराबाहेर काढायला लावू नये, याखाली दोन रेघा. तळाशी छत्तीस वर्षांच्या सवयीनं 'पाहिले. श्री. ना. गो.' आणि तारीख.

त्या दुपारी बंडूभाऊंनी तो कागद पुन्हा पूर्ण वाचला. आपण जे लिहिणार आहोत त्याच्या बरोबर उलट यात लिहिलं आहे, हे त्यांना स्पष्ट कळलं. मग त्यांनी कागद होता तिथे परत घातला, फाईलची नाडी बांधली आणि स्वतःशी म्हणाले, कोण पाळते तसंही.

नोटीस झकास उतरली. 'कुत्तों का उद्वाहक में प्रवेश पूर्णतः निषिद्ध' असा मथळा. उद्वाहक म्हणजे लिफ्ट, हे तिथल्या निम्म्या लोकांना लिफ्टजवळच नोटीस आहे म्हणून कळलं. संदर्भात लिहिलं, 'सहनिवास नियमावली, नियम 14-ब'. अशी नियमावली भारतात कुठे नव्हती. १४-ब हा बंडूभाऊंच्या जुन्या रेल्वे क्वार्टरचा नंबर होता.

ज्याच्यासाठी हा सगळा थाट, त्या अनिमेषनं नोटिशीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, "अंकल, ये 14-ब पढ़ने को कहाँ मिलेगा?" बंडूभाऊंनी फोन उपडा ठेवला. त्याच संध्याकाळी लॅब्राडोर लिफ्टनं खाली गेला, लिफ्टनं वर आला. बंडूभाऊंना उलट बरंच वाटलं. विशालसेठ खूश, अनिमेष जसाच्या तसा, आणि फळ्यावर एक देखणी नोटीस.

दिवेलागणीला दाराची बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरच्या इंदूताई कानडे उभ्या होत्या, हातात वही घेऊन.

इंदूताई एकाहत्तरच्या. कानड्यांचं घराणं भोसल्यांच्या अमलात रायपुरात आलं ते इथलंच झालं, पण इंदूताईंच्या मराठीतलं क्रियापद अजून जागचं हललं नव्हतं. तेहतीस वर्षं त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. तेही कसं, तर रस्त्यात केळीचं साल दिसलं की थांबून विद्यार्थ्यांना कर्तव्यं विचारायच्या. यजमान गेले, मुलगी गंधाली बंगळुरूला, आणि घरात त्या आणि पेढा. पेढा म्हणजे गावठी कुत्रा, भाजक्या खव्याच्या रंगाचा. अकरा वर्षांपूर्वी दिवाळीत कोणीतरी गेटपाशी टाकलेलं पिल्लू. आता त्याचे मागचे पाय धरले होते आणि इंदूताईंचे गुडघे. दोघं रोज सकाळी सहाला लिफ्टनं खाली उतरत, फाटकापर्यंत जात, कडुनिंबाखाली जरा टेकत आणि परत येत. लिफ्ट तळाला पोचली की पेढा एकदाच भुंके. त्या भुंकण्यावर बंडूभाऊंच्या घरी दूध तापायला ठेवलं जाई.

"बंडूभाऊ, तुमची नोटीस मी उतरवून घेतली," इंदूताई म्हणाल्या. "फार स्पष्ट लिहिली आहे. एवढंच विचारायचं होतं, या १४-ब मध्ये वयस्कर कुत्र्याला काही सूट आहे का हो?"

ही वेळ होती. बंडूभाऊ पुढे आयुष्यभर ही वेळ आठवणार होते. एवढंच म्हणायचं होतं की इंदूताई, जा हो, तुम्ही काहून मनावर घेता, ते असंच लिहिलं आहे. पण आत खुर्चीवर विशालसेठ बसलेले होते, हातात चहा, चेहऱ्यावर कौतुक. आणि इंदूताईंनी वहीत नोटीस उतरवून घेतली होती, शाईनं, संदर्भासकट. छत्तीस वर्षांत बंडूभाऊंचा कागद इतक्या आदरानं कोणी धरला नव्हता.

"नियम म्हणजे नियम, इंदूताई," बंडूभाऊ म्हणाले.

"बरोबर आहे," इंदूताई म्हणाल्या. "मीच मुलांना शिकवलं आहे." आणि वही मिटून, कठड्याला धरून, जिन्यानं वर गेल्या. कुत्रा बरोबर नसतानाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाचं भुंकणं बंद झालं. त्याऐवजी साडेपाचलाच जिन्यात नखांचा आवाज येऊ लागला. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. बंडूभाऊ उशी कानावर घेत. चौथ्या दिवशी त्यांना बँकेत जायचं होतं. पहिल्या मजल्यावर, आपल्या दारासमोर, लिफ्टची वाट बघत उभे असताना त्यांना वर, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, इंदूताई पायरीवर बसलेल्या दिसल्या. शेजारी पेढा. दोघांचीही तोंडं उघडी, दोघांनाही धाप. तेवढ्यात लिफ्ट आली. पेढ्याचे कान तिच्या आवाजानं उभे राहिले, तो उठायला गेला, आणि इंदूताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला खाली बसवला. त्यांनी बंडूभाऊंकडे बघितलंही नाही. बंडूभाऊ लिफ्टमध्ये शिरले. जायचं खाली होतं, पण गडबडीत पाचव्या मजल्याचं बटण दाबलं गेलं, म्हणून ते आधी वर गेले आणि मग खाली आले, आणि दोन्ही वेळा दाराच्या काचेतून त्यांना ते दोघं दिसले.

दहाव्या दिवशी नखांचा आवाजही थांबला.

"पेढ्याले उरल्याले, त्या कारखान्यांच्या वसाहतीत, पाठवलं त्यांनी," शर्मिष्ठाबाईंनी पोळी लाटता लाटता सांगितलं. "त्यांचा कोणी जुना विद्यार्थी आहे म्हणे, यशदीप. लोखंडाच्या कारखान्यात सुपरवायझर. तिथं गेटवर ठेवून राहिले त्याले."

"काहून पण?" बंडूभाऊंचा घास हातातच राहिला.

"तुम्ही मले विचारता काहून?" शर्मिष्ठाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "पायऱ्या चढवेना त्याच्यानं. अन् लिफ्टले बंदी. कोणी लावली बाप्पा बंदी, माहीत नाही."

"मी का पाठवा म्हटलं होतं? तो अनिमेषचा कुत्रा रोज जाते लिफ्टनं. सारे जातात. त्यायनंच काहून पाळावं?"

"एक बाई निघाली बिल्डिंगमधी तुमचं लिहिलेलं खरं समजणारी," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. "तिलेच धरलं तुम्ही. जेवा आता."

ते जेवण काही उतरलं नाही. आणि अपराधाची गंमत अशी की तो माणसाला आडून गाठतो. गुरुवारी गजानन महाराजांचा प्रसाद आला, त्यात पेढा होता. बंडूभाऊंनी तो कपाळाला लावला आणि तोंडात घालायच्या आत खाली ठेवला. शर्मिष्ठाबाईंनी बघितलं आणि पुढच्या गुरुवारी मुद्दाम दोन आणले.

बंडूभाऊंना माफी मागायचं सुचलं नाही असं नाही. पण माफी तोंडी असते, तिला क्रमांक नसतो. त्यांना जे करता येत होतं ते त्यांनी केलं. नवी नोटीस काढली. 'शुद्धिपत्र : दस वर्ष से अधिक आयु के श्वानों को उद्वाहक-प्रयोग की छूट. संदर्भ : नियम 14-ब, उपनियम 3.' छत्तीस वर्षांत चुकीच्या कागदावर त्यांना एकच औषध ठाऊक होतं, दुसरा कागद. तो लावून ते फळ्यापाशी घुटमळत उभे राहिले. इंदूताई दुधाची पिशवी घेऊन आल्या, चष्मा लावून त्यांनी शुद्धिपत्र वाचलं. अगदी एकटी माणसं वाचतात तसं, ओठ हलवत.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पण बंडूभाऊ, वयाचा दाखला लागेल ना? पेढा गेटपाशी सापडलेला. त्याच्या जन्माची नोंद मी कुठून आणू?"

"त्याची काही गरज नाही हो."

"असं कसं? उपनियम आहे म्हणजे पुरावा आला. उद्या कोणी हरकत घेतली तर तुम्हीच अडचणीत याल. नको. माझ्यासाठी तुम्ही नियम वाकवू नका." आणि वर म्हणाल्या, "तिथे बरं आहे त्याचं. मोकळी जागा आहे."

बंडूभाऊ खाली मान घालून घरी आले. खोटा दरवाजा रंगवून त्यांनी इंदूताईंना आत कोंडलं होतं, आणि आता सुटकेसाठी शेजारी दुसरा खोटा दरवाजा रंगवला होता. आणि ती बाई त्याची किल्ली मागत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरल्याचा ऑटो धरला. ऑटोतून उतरले तेव्हा सकाळचे दहा होते आणि हवा लोखंडाची होती. ट्रकांची रांग, पाळी संपवून निघालेली माणसं, सगळ्यांच्या भुवयांवर एकच लालसर-काळी धूळ. कारखान्याच्या गेटाशी पत्र्याच्या आडोशाला एक साखळी होती आणि साखळीच्या टोकाला पेढा. भाजक्या खव्याचा रंग गेला होता. मधूनमधून खोकत होता, माणसासारखा. समोर भाताची थाळी, त्यावर माशा, आणि भात जसाच्या तसा.

बंडूभाऊ चार पावलांवर थांबले. ते मनाशी तयारीनं आले होते. तो भुंकेल, दात दाखवेल, निदान तोंड फिरवेल. पेढ्यानं त्यांना बघितलं आणि त्याची शेपूट हलू लागली. आधी हळू, मग सगळं मागचं अंग हलेपर्यंत. उठायला जमेना, म्हणून तो बसल्या जागी पुढे सरकला आणि साखळी ताणली गेली. आपल्या इमारतीतलं माणूस आलं, एवढंच त्याला कळलं होतं. ते कोणतं माणूस, हे त्याला ठाऊक नव्हतं. बंडूभाऊंना मूर्तीसाहेबांनी, शर्मिष्ठाबाईंनी, एकदा तर डीआरएमनं, म्हणजे रेल्वेतल्या सगळ्यांत वरच्या साहेबानं, सगळ्यांसमोर झापलं होतं, पण या शेपटीसारखं कशानं लागलं नव्हतं.

यशदीप हेल्मेट काढत आला. चाळिशीचा, गुटगुटीत, दमलेला माणूस. बंडूभाऊ म्हणाले की मी शिवनाथ रेसिडेन्सीचा सचिव, कुत्र्याला परत न्यायला आलो आहे.

"नहीं दे सकता सर," यशदीप म्हणाला. "मैडम ने बोला है, सोसायटी का नियम है, 14-ब. मुझे पूरा समझाया, आठवीं क्लास जैसा. वो ख़ुद बोलेंगी तभी दूँगा."

"खाऊन नाही राहिला का तो?"

"हव. मैडम रविवार को आती हैं, दो ऑटो बदल के. यहीं कुर्सी पे बैठती हैं, तब खाता है. फिर सोमवार से बंद." त्यानं पेढ्याच्या डोक्यावरची धूळ हातानं झाडली. "मैडम को मत बताइएगा. उनको लगता है रोज खाता है. मैं यही बोलता हूँ."

म्हणजे इथे आणखी एक माणूस बंडूभाऊंच्या नोटिशीपायी खोटं बोलत होता, आणि तोही भल्या मनानं. परतीच्या ऑटोत त्यांनी बायकोला फोन केला. "मी सांगून राहिलो त्यायले सगळं," ते म्हणाले. पलीकडे शर्मिष्ठाबाईंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "फाईल घेऊन जा. नुसते बोलाल तर त्या तुमचंच खरं मानतील."

बंडूभाऊ घरी आले, फाईल काखेत मारली आणि जिन्याला लागले. लिफ्ट समोर उघडी उभी होती. पहिल्या मजल्यावर त्यांना वाटलं, काही नाही. दुसऱ्यावर, त्या वळणावर, ते कठड्याला टेकले. तिसऱ्यावर बसावं लागलं. अनिमेष लॅब्राडोर घेऊन लिफ्टकडे निघाला होता. "अंकल, लिफ़्ट तो चालू है," तो म्हणाला. "माहीत आहे," बंडूभाऊ म्हणाले.

इंदूताईंनी दार उघडलं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली. कोपऱ्यात गोणपाटाचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं आणि त्यावर पाण्याचं वाडगं, पालथं.

बंडूभाऊंनी वाटेत चांगलं मोठं वाक्य जुळवलं होतं. त्यात 'खेद' होता, 'अनवधान' होतं. फाईलची नाडी सोडताना ते वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

"१४-ब असं काही नाही आहे," ते म्हणाले. "माझ्या क्वार्टरचा नंबर होता तो."

इंदूताईंना कळलं नाही. बंडूभाऊंनी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली, पेपर तपासायला घेतल्यासारखी, वरच्या ओळीपासून. लाल रेघांपाशी त्या थांबत. दोन रेघांपाशी जास्त थांबल्या. मग कागदाच्या तळाशी आल्या.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"ही तारीख मागच्या वर्षीची आहे."

"हो."

"म्हणजे मी विचारायला आले तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"त्याच दुपारी पुन्हा वाचलं होतं," बंडूभाऊ म्हणाले. हे सांगायची खरं तर गरज नव्हती. पण निघालं तर सगळंच निघालं. "मले वाटलं, कोणी पाळत नाही. माझं लिहिलेलं आजवर कोणी पाळलंच नाही, इंदूताई."

इंदूताईंनी कागद मांडीवर ठेवला आणि हातानं सपाट केला. खालच्या मजल्यावर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला आणि लॅब्राडोर बाहेर पडून आपल्या घराकडे धावला, त्याची नखं फरशीवर वाजली.

"मी त्याला समजावलं होतं," त्या म्हणाल्या. "जाताना. म्हटलं, बाबा, नियम आहे." मग त्यांचा आवाज शाळेतला झाला. "तो तिथे खातो का हो? तुम्ही पाहून आला असाल. तुमच्या चपलांना धूळ लागली आहे तिथली."

यशदीपनं सांगू नका म्हटलं होतं. बंडूभाऊंनी एकदा छताकडे बघितलं.

"नाही खात," ते म्हणाले. "अन् खोकते."

इंदूताई उठल्या. पायात चपला घातल्या, खुंटीवरचा पट्टा घेतला. दारात थांबून म्हणाल्या, "मी येईपर्यंत नवी नोटीस लावलेली पाहिजे. साध्या भाषेत. त्यात उद्वाहक नको."

"संदर्भ काय टाकू?" बंडूभाऊंच्या तोंडून सवयीनं गेलं आणि ते तिथेच वितळले.

"या कागदाची प्रत लावा," इंदूताई म्हणाल्या. "तळच्या सहीसकट."

एकशे पंधरावी नोटीस चार ओळींची होती. 'कुत्ते लिफ्ट में आ-जा सकते हैं. रोकने का अधिकार सोसायटी को नहीं है. मालिक पट्टा रखें और सफ़ाई करें. पिछली नोटिस का नियम मैंने मन से लिखा था.' खाली सही, आणि शेजारी तो कागद, लाल रेघा आणि 'पाहिले' यांच्यासकट. रायपुरात असं काही फळ्यावर लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं. विशालसेठांनी वाचलं, लेंग्याची नाडी खेचून बांधली आणि म्हणाले, "बंडूभैया, ये तो आपने घर का कूड़ा बाहर रख दिया." बंडूभाऊंनी त्यांच्याच हातात राजीनामा ठेवला. सभा भरली. सगळ्यांनी खाली बघितलं. या वेळी बंडूभाऊंनीही कटाक्षानं खाली बघितलं, पण उपयोग झाला नाही. राजीनामा एकमतानं फेटाळला गेला.

पेढा आला. तीनदा आंघोळ घातल्यावर त्याचा रंग बराचसा परत आला, खोकला मात्र राहिला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, धूळ आहे, बघू. सकाळी सहाला लिफ्ट तळाला पोचली की आता भुंकणं येत नाही, खोकला येतो. शर्मिष्ठाबाई त्यावरच दूध ठेवतात. बंडूभाऊ त्याच्या आधी उठून लिफ्टपाशी जाऊन उभे राहतात आणि दार धरून ठेवतात. तसं दार आपोआप थांबतं, त्याला धरावं लागत नाही. इंदूताई रोज "नमस्कार, गोतमारेसाहेब" म्हणतात. सोळा वर्षांत त्यांनी बंडूभाऊंना कधी साहेब म्हटलं नव्हतं.

परवा सकाळी पेढा लिफ्टमधून निघाला आणि फाटकाकडे वळायचं सोडून बंडूभाऊंकडे आला. त्यांच्या पायजम्याला नाक लावलं, मागचं अंग हलवत शेपूट हलवली आणि त्यांच्या पावलावर डोकं टेकून उभा राहिला. बंडूभाऊंचा हात दारावरून सुटला.

"ओळखते मले," ते म्हणाले.

इंदूताईंनी वाकून पट्टा सारखा केला.

"हो," त्या म्हणाल्या. "त्याला वाचता येत नाही."